परदेशगमनानंतरचे पुनःस्थिरीकरण आणि खुले लोकजीवन : जामखेड येथील डॉ. आरोळे दांपत्याच्या कार्याच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

परदेशात शिक्षण वा वास्तव्य करून परतलेल्या व्यक्तीने आपल्या समाजात पुन्हा स्थिर होणे ही वरवर सोपी वाटणारी, परंतु प्रत्यक्षात गुंतागुंतीची सामाजिक प्रक्रिया आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये अमेरिकेतून परतलेल्या डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांच्या उदाहरणाद्वारे केले आहे. परतलेल्या व्यक्तीचे पुनःस्थिरीकरण तिच्याजवळील ज्ञानापेक्षा त्या ज्ञानाच्या आराखड्यात गावाच्या सांगण्यावरून बदल करण्याच्या तयारीवर अधिक अवलंबून असते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : परदेशगमन, पुनःस्थिरीकरण, लोकजीवन, सार्वजनिक जागा, ग्राम आरोग्य सेविका, जामखेड.

प्रस्तावना

भारतीय समाजात परदेशगमनाचा विचार बहुधा 'जाण्याच्या' अंगाने केला जातो. कोण गेले, का गेले, तेथे काय मिळविले याची चर्चा होते. परंतु परतलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात समुद्रोल्लंघन करून आलेल्या व्यक्तीस जातीत पुन्हा घ्यावे की नाही, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तिच्या पंक्तीस बसावे की नाही, यांवरून वाद झडत. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये मायदेशी परतल्या. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्येच त्यांचे निधन झाल्याने मिळविलेले ज्ञान लोकांपर्यंत नेण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

विसाव्या शतकात प्रायश्चित्ताचा प्रश्न मागे पडला, तरी स्वीकाराचा प्रश्न संपला नाही. कोलंबिया विद्यापीठ व लंडन येथे अध्ययन करून १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. परंतु त्यांची जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. परदेशातील उच्च विद्येने व्यक्ती बदलली, परंतु ती ज्या समाजात परतली तो समाज बदललेला नव्हता. परतणे हा केवळ मानसिक समायोजनाचा विषय नसून तो समाजरचनेशी निगडित असलेला विषय आहे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

या पार्श्वभूमीवर जामखेडचे उदाहरण अभ्यासण्याजोगे ठरते. येथे परतलेल्या व्यक्तींना गावाने स्वीकारले आणि त्याबरोबरच गावातील विहीर, पार, मैदान व शिवार यांतील परस्परसंबंधही काही प्रमाणात बदलले.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परदेशातून परतलेल्या व्यक्तीच्या पुनःस्थिरीकरणाची संकल्पना स्पष्ट करणे.
२. आरोळे दांपत्याच्या जामखेडमधील पुनःस्थिरीकरणाच्या टप्प्यांचा आढावा घेणे.
३. या प्रक्रियेत गावातील खुल्या जागांची व सामूहिक जीवनाची भूमिका तपासणे.
४. या अनुभवाच्या मर्यादा व आजची उपयुक्तता यांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे. जामखेड प्रकल्पाच्या आरोग्यविषयक यशाचे संपूर्ण मूल्यमापन करणे हा या लेखाचा हेतू नाही. परतणे आणि लोकांत मिसळणे या अंगापुरतीच चर्चा येथे मर्यादित ठेवली आहे.

पुनःस्थिरीकरण : संकल्पनात्मक विवेचन

परक्या समाजात गेल्यावर माणूस सुरुवातीस उत्साही असतो, मग गोंधळतो आणि हळूहळू सावरतो. अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जाऊन आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांचा अभ्यास करून लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये हा चढ-उतार मांडला. हाच चढ-उतार मायदेशी परतल्यावर दुसऱ्यांदा अनुभवास येतो, अशी भर गुलाहॉर्न व गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये घातली. या दुसऱ्या घसरणीस व्यक्ती तयार नसते. परदेशात सर्व काही वेगळे असणार हे ती गृहीत धरून जाते. आपल्याच गावात परके वाटेल असे मात्र तिला वाटत नाही.

याची समाजशास्त्रीय मीमांसा आल्फ्रेड शूट्झ यांनी १९४५ मधील घरी परतणाऱ्यावरील आपल्या निबंधात केली आहे. होमरच्या महाकाव्यातील ओडिसियस अनेक वर्षांनी आपल्याच इथाका बेटावर पोहोचतो, तेव्हा त्याला ते ओळखू येत नाही. हा दाखला देऊन शूट्झ दाखवितात की, परतणाऱ्याच्या मनातील घर आणि प्रत्यक्षातील घर यांत अंतर पडलेले असते. घरच्यांच्या मनातही गेलेल्या माणसाची जुनीच प्रतिमा असते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

या विवेचनास भारतीय खेड्याच्या संदर्भात एक जोड देणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य अभ्यासकांनी 'घर' ही बरीचशी एकसंध गोष्ट मानली. महाराष्ट्रातील गाव तसे नाही. गावठाण व वस्ती, वरचा पाणवठा व खालचा पाणवठा, पुरुषांचा पार व बायकांची विहीर असे त्याचे विभाग आहेत. म्हणून 'गावात परत येणे' म्हणजे गावाच्या नेमक्या कोणत्या भागात येणे, हा प्रश्न येथे अपरिहार्य ठरतो.

अभ्यासक्षेत्र : जामखेड तालुका

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,००० चौरस किलोमीटर आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस व सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. दक्षिणेकडील तालुके मात्र पर्जन्यछायेत राहिले. आग्नेय टोकाचा जामखेड तालुका बीड, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मस्थान असलेले चोंडी हे गाव याच तालुक्यात असून त्यांच्या नावावरूनच २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर झाले.

१९७० च्या सुमारास हा भाग कोरडवाहू ज्वारी-बाजरीचा, वारंवार अवर्षण सोसणारा आणि हंगामी स्थलांतरावर गुजराण करणारा होता. बालमृत्यू, कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू व कुष्ठरोग यांचे प्रमाण मोठे होते. शिकलेला माणूस येथून बाहेर जातो, बाहेरचा शिकलेला माणूस येथे येत नाही, अशी सर्वसाधारण परिस्थिती होती.

परदेशगमनापूर्वीचा अनुभव

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ चा. ते नगर जिल्ह्याच्याच ग्रामीण भागात, शिक्षकाच्या कुटुंबात वाढले. डॉ. मेबल यांचा जन्म जबलपूरचा व घराणे दाक्षिणात्य. दोघांनी वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९६० मध्ये विवाह केला. ग्रामीण भागातील उपेक्षितांसाठी काम करावयाचे, हा निश्चय विवाहाच्या वेळीच झालेला होता.

१९६२ ते १९६६ या काळात त्यांनी नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात सेवा केली. रुग्णांची रीघ लागे, शस्त्रक्रिया होत, लोक दुवा देत. परंतु बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने वा त्याच कुपोषणाने पुन्हा दाखल होते, हे त्यांच्या लक्षात येऊ लागले. दूषित पाणी, अन्नाची कमतरता आणि अज्ञान ही आजारांची मुळे रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर होती. रुग्णालय कितीही चांगले चालले तरी भोवतालच्या गावांचे आरोग्य त्यामुळे बदलत नव्हते.

हा अनुभव पुढील सर्व वाटचालीच्या मुळाशी आहे. ते परदेशी गेले ते गावापासून दूर जाण्यासाठी नव्हे, तर गावातच पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. जाताना प्रश्न बरोबर असल्यामुळे परतण्याची दिशाही निश्चित राहिली, असे म्हणता येईल.

परदेशातील वास्तव्य

१९६६ मध्ये हे दांपत्य फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. क्लीव्हलँड येथे त्यांनी वैद्यक व शस्त्रक्रिया यांतील निवासी प्रशिक्षण पूर्ण केले आणि त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथे त्यांना डॉ. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन लाभले. टेलर यांचा जन्म व बालपण भारतात गेले होते आणि पंजाबमधील नारंगवाल येथे ग्रामीण आरोग्यावर त्यांचे संशोधन सुरू होते. म्हणजे बाल्टिमोरमध्येही आरोळे दांपत्यास भारतीय खेड्याची जाण असलेला शिक्षक भेटला.

येथेच ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आराखडा तयार झाला. सुमारे ४०,००० लोकसंख्येस पुरेल अशी, उपलब्ध साधनांत चालणारी आणि उपचारापेक्षा प्रतिबंधावर भर देणारी व्यवस्था उभी करावी, असा त्याचा आशय होता. अमेरिकेत उत्तम उत्पन्नाच्या संधी उपलब्ध असताना हे दांपत्य १९७० मध्ये परतले. त्यागाच्या भाषेत या निर्णयाची प्रशंसा बरीच झाली आहे. परंतु समाजशास्त्रीय दृष्ट्या खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली.

निमंत्रणाची अट

परतल्यानंतर आरोळे दांपत्याने स्वतःच एखादे गाव निवडून तेथे फलक लावला नाही. जेथील लोक आपणहून बोलावतील व कामात सहभागी होतील तेथेच जावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. जामखेडच्या स्थानिक पुढाऱ्यांनी तशी तयारी दाखविल्यावर तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची सुरुवात झाली. पहिला दवाखाना पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वापरात नसलेल्या जुन्या इमारतीत थाटण्यात आला.

निमंत्रणाच्या या अटीमुळे परतलेल्या डॉक्टरांचा गावाशी असलेला संबंध उपकारकर्त्याचा न राहता पाहुण्याचा झाला. पाहुण्यास यजमानाचे ऐकून घ्यावे लागते. डॉक्टरांच्या डोक्यात आरोग्य होते; लोकांशी बोलल्यावर मात्र त्यांच्या गरजांच्या यादीत आरोग्य फार खाली असल्याचे आढळले. प्रथम पाणी, मग अन्न, मग हाताला काम, अशी गावाची मागणी होती. परदेशातून आणलेल्या आराखड्यास बसलेला हा पहिला धक्का होय.

मैदान आणि पार

गावात विश्वास कसा निर्माण करावयाचा, हा पुढचा प्रश्न होता. दवाखान्यात येणारा माणूस रुग्ण म्हणून येतो. तेथे डॉक्टर बोलतो आणि तो ऐकतो. समान पातळीवर भेट व्हावयाची तर दवाखान्याबाहेर पडणे भाग होते. दिवसभराची कामे आटोपल्यावर संध्याकाळी गावातील पुरुषांबरोबर व्हॉलीबॉल खेळणे, हा यावर निघालेला साधा उपाय. खेळ संपल्यावर मंडळी तेथेच टेकत आणि गप्पांतून शेती, पाऊस, जनावरे, कर्ज असे विषय निघत. या बैठकांतूनच पुढे शेतकरी मंडळे आकारास आली.

व्हॉलीबॉलचे मैदान येथे महत्त्वाचे का ठरले, हे नीट पाहिले पाहिजे. गावातील जुन्या खुल्या जागा नावापुरत्याच खुल्या होत्या. पारावर कोणी कोठे बसावे, चावडीत कोणी उभे राहून बोलावे, देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणी जावे, हे परंपरेने ठरलेले होते. व्हॉलीबॉलच्या मैदानास अशी परंपरा नव्हती. जाळ्याच्या एका बाजूस सहा जण लागतात आणि चेंडू परत करता येतो की नाही एवढेच तेथे पाहिले जाते. चेंडू सर्वांच्या हातांतून जातो. परंतु खेळाडूंना एकमेकांच्या अंगास भिडावे लागत नाही. वेगवेगळ्या जातींची माणसे एकत्र येण्यासाठी त्या काळच्या गावास मानवेल एवढी मोकळीक या खेळात होती. उपदेशाने जे साधले नसते त्याची सुरुवात येथे झाली.

या जागेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मैदानावर स्त्रिया नव्हत्या. गावाचे अर्धे जीवन आणि आरोग्याचे बहुतेक प्रश्न ज्यांच्या हाती होते त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दुसरी वाट शोधावी लागली. ती पुढे ग्राम आरोग्य सेविका व महिला मंडळे यांच्या रूपाने सापडली आणि त्यात डॉ. मेबल यांचा वाटा मोठा होता. डॉ. मेबल यांच्या दृष्टीने जामखेड हे 'परतण्याचे' ठिकाण नव्हतेच. मायदेशी परतूनही भाषा, प्रांत व रीतिरिवाज यांबाबत त्या जामखेडला नव्या होत्या. त्या स्थिर झाल्या त्या येथील बायकांशी जोडलेल्या नात्यामुळे. आपुलकी केवळ जन्मभूमीमुळे मिळते हा समज या उदाहरणाने शिथिल होतो.

पाणवठा व गावाचा नकाशा

१९७२ च्या भीषण दुष्काळाने महाराष्ट्रातील खेड्यांचे कंबरडे मोडले. जामखेड परिसरही त्यास अपवाद नव्हता. या काळात प्रकल्पाने पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. विहीर कोठे घ्यावयाची हा प्रश्न वरकरणी तांत्रिक होता. गावाच्या दृष्टीने तो सत्तेचा होता. प्रकल्पाने विहिरींच्या जागा जाणीवपूर्वक दलित वस्तीत ठरविल्या. परिणामी हापशाचे पाणी हवे असेल तर सवर्ण कुटुंबांतील स्त्रियांनाही दलित वस्तीत जाणे आणि त्याच रांगेत उभे राहणे भाग पडले.

१९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करून पाण्याचा जो हक्क मागावा लागला, त्याच हक्काचा हा गावपातळीवरील, गाजावाजा न झालेला पाठपुरावा होता. एका हापशाने जातिभेद नाहीसा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु पाणी भरण्याची रोजची वाट बदलली, हे खरे. डॉ. आंबेडकरांच्या बडोद्यातील अनुभवात परतलेल्या माणसासाठी गावाचा नकाशा बंद होता. येथे परतलेल्या माणसांनी तो नकाशा किंचित हलविला. हा फरक केवळ काळाचा नाही. आरोळे दांपत्याकडे वैद्यकीय सेवा, बाहेरून मदत आणण्याची क्षमता आणि स्थानिक पुढाऱ्यांचे निमंत्रण ही तिन्ही बळे होती. त्यांचा उपयोग त्यांनी स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी न करता ज्यांना त्या नकाशात जागा नव्हती त्यांच्यासाठी केला.

दुष्काळाच्या काळातच सामूहिक स्वयंपाकघरे चालविणे, त्यांसाठी गावातील विहीरमालकांनी जमीन व पाणी देणे, शेतकरी मंडळांनी त्यावर धान्य-भाजीपाला पिकविणे व लहान मुलांना एकत्र जेवू घालणे असे उपक्रम झाले. पुढे मृद्संधारण व वृक्षलागवड यांचीही त्यात भर पडली. डॉक्टरांचा दिवस रुग्णालयाइतकाच बांधावर व शिवारात जाऊ लागला.

आराखड्यातील बदल

परतलेल्या व्यक्तीची खरी परीक्षा तिचा आराखडा फसतो तेव्हा होते. मूळ योजनेनुसार प्रत्येक गावात प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका राहून काम करणार होती. प्रत्यक्षात ही व्यवस्था टिकली नाही. बाहेरून आलेली तरुण नर्सबाई खेड्यात एकटी पडे; तिला गावाची भीती वाटे आणि गावाला तिचा भरवसा वाटत नसे. तिने सांगितलेले पटले तरी ते 'शिकलेल्यांचे' म्हणून बाजूस ठेवले जाई. गावकऱ्यांशी झालेल्या चर्चांतून, गावातल्याच एखाद्या बाईस हे काम का शिकवू नये, अशी कल्पना पुढे आली.

ही कल्पना स्वीकारणे सोपे नव्हते. पदव्युत्तर शिक्षण घेऊन आलेल्या डॉक्टरांनी निरक्षर स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान सोपवावयाचे होते. तरीही गावाने निवडलेल्या स्त्रियांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यांतील अनेक जणी दलित व अन्य वंचित समाजांतील होत्या. काही विधवा वा परित्यक्ता होत्या. आठवड्यातून ठरावीक दिवशी त्या जामखेड येथे येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत आणि शिकत. सुरक्षित बाळंतपण, जुलाबावरील मीठ-साखर-पाणी, लसीकरण, मुलांचे वजन, कुटुंबनियोजन, कुष्ठरोगाची ओळख अशा बाबी त्या आत्मसात करीत व आपापल्या गावी घरोघर सांगत. एकत्र मुक्कामातून परस्परांतील सोवळे-ओवळेही हळूहळू गळून पडले.

या बदलामुळे परदेशातून आणलेले ज्ञान दवाखान्यातून निघून चुलीपाशी व अंगणात पोहोचले. त्याचबरोबर ज्ञानाची मालकीही बदलली. डॉक्टर गावात आहेत की नाहीत यावर आता सर्व काही अवलंबून राहिले नाही.

परिणाम

प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्युदर १९७१ मध्ये हजारी १७६ होता. तो १९७६ मध्ये ५२ पर्यंत आणि १९९० च्या दशकात ३० च्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागी आरोग्यसेवेवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवरील प्रकरण समाविष्ट झाले. सर्वांसाठी आरोग्याचा उद्घोष करणारी अल्माअटा परिषद १९७८ मध्ये झाली, तेव्हा अशा प्रयोगांचा अनुभव जगापुढे होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण प्राप्त झाले.

पुनःस्थिरीकरणाच्या दृष्टीने मात्र याहून बोलका प्रसंग १९८८ मधील आहे. मुक्ताबाई पोळ या ग्राम आरोग्य सेविकेने वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत आपले अनुभव मांडले. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून, डॉक्टर हे या झुंबरांसारखे सुंदर पण महाग व दूरचे असतात, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. मग आपल्याजवळच्या दोन साध्या पणत्यांपैकी एक पेटवून तिच्यावर दुसरी लावून दाखविली. जे ज्ञान अमेरिकेतून जामखेडला आले होते ते गावाच्या भाषेत नव्याने घडून, गावातील स्त्रीच्या तोंडून, अमेरिकेस परत सांगितले गेले. डॉक्टरांचे परतणे येथे पूर्ण झाले, असे मानण्यास हरकत नसावी.

चर्चा : मर्यादा व आजचा संदर्भ

या अनुभवाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. प्रकल्पाच्या यशात दोन असामान्य व्यक्तींचे सातत्य व परदेशी साहाय्याचा आधार होता. हे दोन्ही सर्वत्र उपलब्ध असेलच असे नाही. शासनाने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत 'आशा' कार्यकर्तीची योजना सुरू केली. गावातील स्त्रीच गावाची आरोग्य कार्यकर्ती, हे जामखेडसारख्या प्रयोगांनी सिद्ध केलेले तत्त्व तीत आहे. परंतु कामागणिक मोबदला व अहवालांचा भार यांमुळे आशा कार्यकर्ती गावापेक्षा यंत्रणेस अधिक उत्तरदायी होते. लोकांत मुरलेले कार्य शासकीय चौकटीत नेताना त्यातील लोकांचा भाग गळण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रात याच वाटेवरील दुसरे उदाहरण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे आहे. जॉन्स हॉपकिन्स येथेच सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोली येथे 'सर्च' संस्थेची स्थापना केली. दोन्ही ठिकाणी परदेशातील एकच विद्यापीठ असले तरी कार्याचे रूप वेगळे झाले. कारण जामखेडचा दुष्काळी गाव आणि गडचिरोलीचा आदिवासी टोला यांनी त्या ज्ञानास वेगवेगळे प्रश्न विचारले.

आज नगर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली शिक्षण व नोकरीसाठी परदेशी जातात. त्यांतील काही परत येतात आणि गावात आपल्यासाठी जागा नाही असे त्यांना जाणवते. पारावर बोलावयास विषय उरत नाही. यात्रा, सप्ताह, ग्रामसभा यांत ती पाहुण्यासारखी वावरतात. गावही त्यांच्याकडे देणगीदार म्हणून पाहते, नाहीतर बिघडलेले म्हणून. अशा वेळी व्यक्ती बंद दाराआड राहू लागते किंवा पुन्हा निघून जाते. प्रत्येकाने जामखेडसारखा प्रकल्प उभारावा ही अपेक्षा अवास्तव आहे. परंतु गावाशी नाते पुन्हा जोडण्याचा जो क्रम तेथे दिसतो, तो लहान प्रमाणावरही उपयोगी पडू शकतो.

निष्कर्ष

१. परतणे ही एका दिवसाची घटना नसून परतलेली व्यक्ती व समाज या दोघांनी परस्परांस नव्याने ओळखण्याची दीर्घ प्रक्रिया आहे.
२. परदेशी जाताना आपल्या समाजातील एखादा प्रश्न बरोबर नेणाऱ्या व्यक्तीस परतण्याची वाट अधिक स्पष्ट असते.
३. निमंत्रणाने आलेल्या व्यक्तीस ऐकून घेण्याची सवय लागते व समाजासही तिची जबाबदारी वाटते.
४. दवाखाना वा कार्यालय यांपेक्षा मैदान, शिवार व पाणवठा येथे समान पातळीवरील संबंध लवकर जुळतात. मात्र या जागाही जात व लिंगभेदापासून मुक्त नसतात. त्या सर्वांसाठी खुल्या करणे हा पुनःस्थिरीकरणाचाच भाग ठरतो.
५. आणलेला आराखडा अनुभवाने बदलण्याची तयारी ही सर्वांत निर्णायक बाब आहे.

समारोप

डॉ. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत आरोळे यांचे २०११ मध्ये निधन झाले. त्यांच्यानंतरही प्रकल्पाचे कार्य पुढील पिढीने चालू ठेवले आणि देशोदेशीचे विद्यार्थी व आरोग्य कार्यकर्ते येथे शिकण्यास येत राहिले. त्यांना शिकविणाऱ्यांत डॉक्टरांबरोबर गावोगावच्या आरोग्य सेविकाही राहिल्या आहेत. एकेकाळी ज्या तालुक्यातून शिकण्यासाठी बाहेर जावे लागे, तेथे बाहेरचे लोक शिकण्यासाठी येतात. परदेशातून परतलेल्या माणसाने आपल्या मातीत काय रुजविले याचे मोजमाप करावयाचे झाल्यास, ते या वर्गात कोण शिकविते आहे यावरून करता येईल.